पट्ट्याच्या पिक्चरला बक्षीस

यशोदाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भंडाऱ्याच्या टॉकीजसमोर डोअरकीपरला मरळीनं मारत होती. हातभर लांब, जिवंत मरळ. शेपटीला धरून सपासप. डोअरकीपरचं म्हणणं होतं की मासोळीची टोपली घेऊन आत जाता येणार नाही. हिचं म्हणणं होतं की तसं तिकिटावर कुठं लिहिलंय ते दाखव. त्यानं टोपलीला पाय लावला आणि मग संपलंच. त्याच्या नाकातून रक्त येत होतं, शर्टावर खवले चिकटले होते, आणि रांगेतले लोक आतला पिक्चर विसरून बाहेरचाच खेळ बघत होते. शेवटी मॅनेजरनं मध्ये पडून टोपली सायकल स्टँडवर ठेवायला लावली. तीन तासांनी बाहेर आल्यावर ती त्याच डोअरकीपरला म्हणाली, "आतमधला मार खोटा हाय, बाप्पा. तुले बसला थो खरा होता."

ही १९७४ सालची गोष्ट. मी मधुकर शिंपी. कारध्याच्या रस्त्यावर माझं शिवणकामाचं दुकान, आणि दुकानामागे नदीकडे उतरलं की मासेमारांची टोली. यशोदाबाई त्या टोलीतली. रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन वैनगंगेचा पूल ओलांडायची, भंडाऱ्याच्या बाजारात मासोळ्या विकायची, आणि शुक्रवारी नवा पिक्चर लागला की बाजार लवकर आटपून तीनच्या खेळाला बसायची. टोपली ती नेहमी डाव्या हातानं उचलायची. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. नवऱ्यानं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळलं होतं. अकरा वर्षं मार खाल्ला तिनं. नवरा कावीळ होऊन मेला तेव्हा बाया गळ्यात पडून रडायला आल्या, तर ही म्हणाली, "रडू नका वं. मी सुटली." टोलीनं तिला त्यासाठी कधी माफ केलं नाही, आणि तिनंही कुणाला माफी मागितली नाही.

पिक्चरची पारख तिची एकाच गोष्टीवर चालायची. गाणी, कपडे, काश्मीर, सगळं तिला आवडायचं. पण मारामारी आली की ती खुर्चीत पुढं सरकायची आणि हिशोबी नजरेनं बघायची. ठोसा कुठं बसला, माणूस कुठल्या अंगावर पडला, उठताना कशाला धरलं. दुसऱ्या दिवशी घाटावर जाळी झटकणाऱ्या लोकांना ती सगळा पिक्चर सांगायची, आणि शेवटी निकाल द्यायची: मार खरा, नाहीतर मार खोटा. तिच्या निकालावर अर्धा कारधा पिक्चरला जायचा की नाही ते ठरवायचा. मला याचा राग यायचा, हे कबूल करून टाकतो. मी नागपूरहून येणारं सिनेमाचं साप्ताहिक घेत होतो. कॅमेरा, संकलन, अभिनय असे शब्द मला येत होते. आणि माझ्या दुकानात येऊन माझ्याच गिऱ्हाइकांसमोर ही बाई म्हणायची, "भाऊ, तुले कागद वाचता येते, पाठ वाचता येत नाही."

आमच्या बक्षिसाची सुरुवातही रागातूनच झाली. दर वर्षी मुंबईत सिनेमाला बक्षिसं देत, त्याची बातमी पेपरात यायची, आणि आम्ही ज्याच्यासाठी जीव टाकलेला असायचा त्याला काहीच मिळालेलं नसायचं. एका वर्षी त्यावरून माझ्या दुकानात दोघांनी एकमेकांची डोकी फोडली, माझी कात्री मला लपवावी लागली. तेव्हा मी म्हटलं, मुंबईवाल्यांचं सोडा, आपण आपलं बक्षीस देऊ. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, पाहुणे येतात. त्या मंडईच्या सकाळी, टोलीच्या चिंचेखाली, वर्षातल्या तीन पिक्चरांतून एक निवडायचा. जिंकेल त्याचं पोस्टर खोडाला लावायचं, त्याला शेला पांघरायचा आणि नारळ फोडायचा. मतं माझ्या दुकानातल्या चिंध्यांवर. एका पिक्चरला तांबडी चिंधी, एकाला पांढरी, एकाला निळी. आणि नियम एकच, पण कडक: ज्याच्याजवळ टॉकीजचं फाटकं तिकीट असेल त्यालाच बोलायचा आणि मत द्यायचा अधिकार. न बघता बोलणाऱ्यांचा मला फार वैताग होता. बाई असो, पुरुष असो, पाहुणा असो. तिकीट दाखव आणि बोल. तिकीट नसेल त्यानं तोंड उघडलं की सगळे मिळून त्याला गप्प करायचे.

हे नीट लक्षात ठेवा. त्याच चिंचेखाली, त्याच दिवशी दुपारी, टोलीची पंचायत बसायची. तिथं बाईला बोलायला बंदी. तिच्या वतीनं घरचा पुरुष बोलणार. यशोदाबाईच्या घरी पुरुष नव्हता.

१९७९ च्या पावसाळ्यात भंडाऱ्याला एक पिक्चर लागला. आम्ही पिक्चरांना आमचीच नावं ठेवायचो. याला सगळे 'पट्ट्याचा पिक्चर' म्हणत. हिरो मोठ्या घरचा, बायको शिकलेली आणि तोऱ्याची. मध्यंतराच्या आधी तो तिला जिन्यावर कमरेच्या पट्ट्यानं मारतो. पट्ट्याला पितळी बक्कल, बकलावर चांदणी. मारून झाल्यावर त्याच्याच डोळ्यांत पाणी येतं. शेवटी ती बाई तोच पट्टा आपल्या हातानं त्याला देते आणि पाया पडते. टॉकीजमध्ये लोकांनी पडद्यावर पैसे उधळले. महिन्याभरात भंडाऱ्याच्या बाजारात चांदणीच्या बकलाचे पट्टे टांगलेले दिसायला लागले आणि संपायलाही लागले.

त्यातला एक बाबुलालनं घेतला. बाबुलाल म्हणजे यशोदाबाईच्या मेलेल्या बहिणीचा जावई, राहणार पवनीकडचा. या बहिणीची मुलगी मंदा. यशोदाबाईनंच तिला वाढवली, तिनंच लग्न लावून दिलं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ती मंदा चालत मावशीच्या दारात आली. पायात चप्पल नव्हती. लुगडं पाठीला चिकटलं होतं, ते पाणी टाकून टाकून सोडवावं लागलं.

मंडईला बाबुलाल तिला न्यायला येणार होता आणि दुपारी पंच ठरवणार होते की पोरीला पाठवायचं की ठेवायचं. आदल्या दिवशी संध्याकाळी यशोदाबाई माझ्या दुकानात आली. मशीनसमोरच्या बाकावर बसली. तिला तसं कधी बसलेलं पाहिलं नव्हतं मी.

"मधुकरभाऊ, उद्या पट्ट्याच्या पिक्चरले बक्षीस भेटू देऊ नको."

"बाई, ते लोकांच्या मतावर आहे. मी काय करणार?"

"पंचाईसमोर मले तोंड नाही. सकाळी हाय. तिकीट हाय मायाजवळ. सकाळी मी जे बोलीन, थे पंचबी आयकतीन. सकाळी थो पिक्चर जितला, तं दुपारी मंदा गेली समज. अन् गेली तं मेली."

मी तिला काय म्हणालो ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हणालो, "यशोदाबाई, पिक्चर वेगळा आणि संसार वेगळा. बक्षीस अभिनयाला असतं."

ती उठली. "असन बाप्पा," म्हणाली आणि गेली.

सकाळी चिंचेखाली माणसांचा गराडा. तीस तिकिटं जमा झाली, एकतिसावं माझं. पांढरी चिंधी म्हाताऱ्या पोस्टमनच्या एका साध्या पिक्चरला होती, निळी घोड्यांच्या डाकूपटाला, तांबडी पट्ट्याला. टेकचंद, टोलीचा मुख्य पंच, खाटेवर बसला होता, त्याच्या हातातही तिकीट. बाबुलालही आला होता, कमरेला तो पट्टा. पाहुण्याचा मान म्हणून त्याला आधी बोलायला दिलं.

"मी हा पिक्चर चारदा पाह्यला," तो म्हणाला. "यात जे हाय थे खरं हाय. हिरो मारते, पन घर टिकवते. मारल्यावर रडते कोन? थोच रडते. असा कलाकार दुसरा दाखवा."

शिट्ट्या वाजल्या. मग यशोदाबाई उभी राहिली आणि तिनं तिकीट वर धरलं, जेवढं वर जाईल तेवढं.

"मारनाराच रडते, अन् बक्षीसबी त्यालेच द्या," ती म्हणाली. "मी सांगतो का मार कसा खोटा हाय, लांडीलबाडीनं नाही सांगत. थे पडद्यावरची बाई पट्टा बसला का धाडकन पडते. बाई अशी पडत नाही. बाई वाकते. पडली तं लाथ बसते, म्हून वाकते. पोट झाकते. हात असे घेते. अन् वरडत नाही, वरडलं तं अजून मारते. तिचं कुंकूबी पुसलं नाही जिन्यावर. हा पिक्चर ज्यानं काढला, त्यानं कधी बाई मारून पाह्यली नाही, नाहीतं मार खाऊन पाह्यला नाही. इथं बसले त्याइनं पाह्यली हाय. मंग तुमाले कसा खरा वाटते?"

मला वाटलं, बाईनं जिंकलं. मग तिनं मागं बसलेल्या मंदाला हाताला धरून उठवलं, लोकांकडे पाठ करून उभी केली आणि पाठीवरचा पदर खाली ओढला.

खांद्यापासून कमरेपर्यंत पट्टे होते. काही काळे, काही पिवळे पडलेले, दोन अजून ओले. आणि प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला, कातडीत उठलेली, पाच कोनांची चांदणी.

त्या क्षणी लोकांनी मान खाली घालायला हवी होती. पण मागून कुणीतरी ओरडला, "अरे, थोच पट्टा!" आणि हशा उसळला. पडद्यावरची वस्तू गावात दिसल्याचा आनंद झाला हो लोकांना. आणखी एकानं शिट्टी घातली. बाबुलालनं पट्ट्याच्या बकलावर हात ठेवला आणि तोही हसला. मंदानं पदर वर घेतला. यशोदाबाईनं जमिनीवरचा दगड उचलून शिट्टी वाजवणाऱ्याला मारला, तो त्याच्या भुवईवर बसला, रक्त आलं, चार जणांनी तिला धरून खाली बसवलं. एवढ्या गोंधळात मतं पडली.

मी चिंध्या मोजल्या. निळ्या चार. पांढऱ्या तेरा. तांबड्या तेरा. शेवटचं मत माझं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. विनवणी वगैरे काही नाही, ती फक्त बघत होती. मला वाटलं, ही दगड मारून मत मागते काय! मला वाटलं, हिच्यापुढे वाकलो तर उद्यापासून माझ्या साप्ताहिकाला आणि माझ्या शब्दांना काय किंमत? खरंच एवढंच वाटलं. पाठ मी पाहिली होती, आणि तरी एवढंच वाटलं. मी म्हणालो, "डोळ्यांत पाणी आणण्याचं काम सोपं नसतं," आणि तांबडी चिंधी टाकली.

पोस्टर खोडाला लागलं, शेला चढला, नारळ फुटला. दुपारी पंचायत बसली आणि टेकचंदनं फार वेळ घेतला नाही. "सकाळी साऱ्या गावानं सांगितलंच हाय," तो म्हणाला. "इतके लोक ज्याले बक्षीस देतेत, त्यात काही सत्य असनच. पोरीनं नांदाले जावं." मंदाचं गाठोडं बाबुलालनं उचललं. मंडईतून जाताना तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. मी दुकानात येऊन मशीनवर बसलो आणि एक सदरा उलटा शिवून ठेवला.

माघात ती परत आली, बैलगाडीत आडवी पडून. कुणा शेजाऱ्याला दया आली होती. बाबुलालनं डाव्या हातानं झिंज्या धरून उजव्या हातानं कानशिलात मारत राहायचं, असा त्याचा नवा प्रकार होता. तिच्या एका कानातून रक्त येऊन मानेवर सुकलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडदा गेला, आता काही होणार नाही.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा न्यायला आला. या वेळी पंचांची वाट न पाहता, सकाळी, डोंग्यातून, थेट घाटावर. मी आंघोळीला उतरलो होतो. घाटावर चाळीसेक माणसं असतील. जाळी रिकामी करणारे, धुणारे, आंघोळीचे. मंदा झिंगे निवडत बसली होती. तिला त्याची चाहूल लागली नाही, तो त्या बहिऱ्या बाजूनं आला. केसांना धरून त्यानं तिला दगडांवरून ओढलं. झिंग्यांची टोपली सांडली. पाण्यापाशी नेऊन त्यानं कमरेचा पट्टा सोडला.

यशोदाबाई आपल्या डोंग्यातून वल्हं घेऊन उतरली. उजवा हात वर जात नाही म्हणून तिनं ते आडवं फिरवलं. पहिला घाव केस धरलेल्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी छातीभर पाण्यातून ऐकला. दुसरा गुडघ्यावर. तो वाकला, पडला नाही. तिसऱ्या घावाला वल्हं मोडलं, तर उरलेल्या तुकड्यानं तिनं पाठ, खांदा, पुन्हा पाठ अशी मारायला सुरुवात केली. तिच्या तोंडातून शब्द नाही. तो मात्र ओरडत होता, आधी शिव्या, मग आई, मग नुसतंच. पाणी तांबडं झालं. तुकडाही हातातून सुटला तेव्हा तिनं वाळूतला पट्टा उचलला, बकलाची बाजू पुढं ठेवून एकदाच फिरवला. त्याच्या तोंडावर. पुढचे दात गेले. तो गुडघ्यावर आला, दोन्ही हात पोटाशी घेतले, डोकं खाली घातलं.

"पाहा," ती आम्हाला म्हणाली. दम लागला होता. "असा वाकते मानूस. पडत नाही."

चाळीस माणसांतून एकानंही तिला धरलं नाही. मला बरं वाटलं. लाज नाही वाटत सांगायला.

त्याच आठवड्यात पंचायत बसली. बाबुलाल हात गळ्यात बांधून, तोंडाला फडकं लावून खाटेजवळ बसला होता. बाईनं भर घाटावर जावयाला मारलं, हे शाबित झालं असतं तर यशोदाबाई आणि मंदा दोघी वाळीत. टोलीच्या घाटावरून नदीत जाळं टाकायचं नाही, कुणी त्यांना मासोळी द्यायची नाही, मंदानं पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. म्हणजे उपाशी मरायचं. यशोदाबाई लांब बसली होती. तिला बोलायची मुभा नव्हतीच.

टेकचंदनं साक्ष काढली. "आपल्यातला कोनी बोलला तं म्हनतीन बाजू घेतली. शिंपीभाऊ शिकलेले हायेत, परजातीचे हायेत. त्याइले विचारू. मधुकरराव, तुमी घाटावर होता. काय पाह्यलं?"

मी उभा राहिलो. समोर तेच चिंचेचं खोड. तीन महिन्यांपूर्वीच्या पोस्टरचा एक कोपरा खिळ्याला अजून चिकटलेला होता.

"मला काही बोलता येत नाही, पंचहो," मी म्हणालो. "माझ्याजवळ तिकीट नाही."

टेकचंदला आधी कळलंच नाही. "कायचं तिकीट?"

"घाटावरच्या खेळाचं. याच झाडाखाली तुम्ही मान्य केलेला नियम आहे. तिकीट नसेल त्यानं तोंड उघडायचं नाही."

कुणी हसलं नाही. मग जाळीवाला सुखराम उठला. हाच तो, ज्यानं मंडईला शिट्टी मारली होती आणि भुवईवर दगड खाल्ला होता. खूण अजून होती. "मायाजवळबी तिकीट नाही," तो म्हणाला. त्याच्यामागून आणखी एक उठला. मग एक म्हातारा. मग धुणाऱ्या दोघी, ज्यांना बोलायची बंदी होती त्यासुद्धा. घाटावरचे सगळे उठले आणि कुणाजवळच तिकीट निघालं नाही. टेकचंदनं मांडी चोळत सगळ्यांकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "साक्ष नाही तं न्याय नाही. पोट्टी इथंच राहो." बाबुलाल फडक्याआडून काहीतरी म्हणाला, पण दात नसल्यानं कुणाला कळलं नाही. तो पुन्हा कारध्याला आला नाही.

मी छाती फुगवून यशोदाबाईच्या घरी गेलो. मला वाटलं होतं, बाई पाणी देईल, दोन शब्द बरे बोलेल. ती दारातच मासोळी कापत होती. वर न बघता म्हणाली, "हे बोलनं तुले आधीपासून येत होतं ना, भाऊ?"

"हो."

"मंग मंडईले काहून नाही बोलला?"

तिनं डोकं कापून बाजूला टाकलं आणि पुढची मासोळी घेतली.

बक्षीस मी त्या वर्षी बंद केलं. साप्ताहिकही. यशोदाबाई मात्र शुक्रवार चुकवत नव्हती. पुढं गावात व्हिडिओ आला तेव्हा एकदा बघून म्हणाली, माणसं एवढीशी, यांना मारलं तरी काय लागणार. दोन वर्षांपूर्वी, १९८६ च्या उन्हाळ्यात, ताप डोक्यात जाऊन ती वारली. उशाच्या पेटीत फाटक्या तिकिटांचा गठ्ठा सापडला. मंदानं तो तिच्यासोबत चितेवर ठेवला.

मंदा आता माझ्या दुकानात काज-बटण करते. हात चांगला आहे तिचा. काम सांगायचं असलं की मी मशीनवरून उठतो, बाकाला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला जातो आणि मग बोलतो. डावीकडून बोललं तर तिला ऐकू येत नाही.